ते दगड माहे होते

दसरा झाला, सोंगणी आटोपत आली, आणि काल सकाळी मी मुद्दाम फाट्यावर जाऊन आले. काम काहीच नव्हतं. गजूभाऊच्या टपरीवर अर्धा कप चहा घेतला आणि रस्त्याकडे बघत उभी राहिले. रस्ता रिकामा होता. म्हणजे ट्रक होते, काळी-पिवळी होती, एसटी होती, फटफट्यांची तर मोजदादच नाही. पण डांबरावर सोयाबीनचा एक दाणा नव्हता. "काय पाहून राह्यल्या बाई?" गजूभाऊनं विचारलं. म्हटलं, "काहीच नाही पाहून राह्यलो." तो हसला, कारण त्याला ते 'काहीच नाही' बरोबर कळलं. मला त्या रिकाम्या डांबराचा जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या बारावीच्या मार्कांचाही नाही. अर्थात ते मार्क सांगण्यासारखे नाहीतच.

मी खैरझरीची अंगणवाडी सेविका. त्यामुळे गावात लहानथोर सगळे मला बाई म्हणतात, भांडताना माझा नवराही म्हणतो. मोठ्या रस्त्यावरून गावाकडे वाट फुटते त्या जागेला आमच्याकडे फाटा म्हणतात. गाव आत, फाटा बाहेर, मध्ये किलोमीटरभर वाट. शेलूबाजारकडे जाणारा रस्ता नेमका आमच्या फाट्यावर वळण घेतो, आणि तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्या वळणावर आमच्या बाजूला सुबाभळीचं असं दाट रान माजलं होतं की वाशीमकडून येणाऱ्या गाडीला आमचा माणूस दिसत नसे आणि आमच्या माणसाला गाडी. शाळेची एसटी थांबायची रस्त्याच्या पलीकडे. म्हणजे रोज दहाच्या सुमाराला आमच्या गावच्या सात पोरी झुडपाआडून निघायच्या, रस्ता ओलांडायच्या आणि शेलूबाजारच्या हायस्कुलात जायच्या. माझी वैष्णवी त्यातलीच एक.

आता सोयाबीनबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही. हा हंगाम नाकानं ओळखू येतो. दसऱ्याच्या आगेमागे हवेत एक कोरडा, हिरवट, थोडा तेलकट वास भरतो. थ्रेशर दिवसभर घरघरतं, कुटार म्हणजे भुसा उडून पापण्यांवर बसतो, अंगाला अशी खाज सुटते की दोन वेळा आंघोळ केली तरी जात नाही. आमच्या घरी त्या दिवसांत भाजीलासुद्धा कुटार लागतं. कोणी तक्रार करत नाही. आणि नेमका याच दिवसांत परतीचा पाऊस एक तडाखा देऊन जातो. दाणा ओला झाला की बाजारात व्यापारी मूठभर हातात घेतो, दाताखाली एक दाणा फोडतो आणि तोंड वाकडं करतो. म्हणून वाळवायचं. कुठं वाळवायचं? शेतात चिखल, अंगणात जागा नाही. मग डांबरी रस्त्याइतकी सपाट, काळी, तापणारी जागा दुसरी कोणती?

वर्षानुवर्षं आम्ही असंच केलं. अर्धा रस्ता आमचा आणि अर्धा गाड्यांचा. आमचा एक म्हातारा म्हणायचा, रस्ता सरकारचा असन, पर ऊन तं आपलं हाय नं! आणि उगाच कुठंही पसरायचं नाही बरं. प्रत्येक घराची फाट्यावर ठरलेली जागा. बांधावरून भांडतात तशी त्या जागेवरून भांडणं होत. सोयाबीनवरून चाक जाऊ नये म्हणून कडेनं दगड लावायचे, आणि एकाचे दगड दुसऱ्यानं पळवू नयेत म्हणून प्रत्येकानं आपल्या दगडांना रंगाचा ठिपका द्यायचा. शेजारच्या भगवानभाऊंचा पिवळा. सरपंचांच्या घरचा निळा. कोणाचा चुन्याचा पांढरा. आमचा लाल, गेरूचा. लग्न होऊन आले त्या पहिल्याच हंगामात सासूनं माझ्या हातात गेरूची वाटी दिली होती. त्या दिवशी मी खरोखर या घरची झाले, असं मला वाटलं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात त्या दिवशी सकाळी आठला मीच दगड लावले. यांनी पोती मोकळी केली, मी रस्त्याच्या पलीकडच्या अर्ध्यावर फावड्यानं पसरलं, पाय घालून सऱ्या पाडल्या, गाड्यांच्या अंगाला ओळीनं लाल ठिपक्याचे दगड मांडले आणि अंगणवाडीत निघून गेले. सव्वादहाला फाट्याकडून धावत आलेल्या पोरांचा आरडाओरडा ऐकू आला.

वाशीमकडून एक पिकअप आली. समोर अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन, कडेला दगड. ते चुकवायला चालकानं गाडी आमच्या गावाच्या बाजूला घेतली, आणि त्याच वेळी प्रतीक्षा झुडपाआडून रस्त्यावर आली. प्रतीक्षा म्हणजे भगवानभाऊंची मुलगी, आमच्या शेजारची, वैष्णवीच्याच वर्गातली. वैष्णवी तिच्या मागे चार पावलं होती. चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती वाकली होती, नाहीतर दोघी बरोबरच असत्या.

मी पोचले तेव्हा प्रतीक्षा रस्त्याच्या कडेला पडलेली होती, शुद्धीत होती, आणि "बाई, माही वही पाहा ना," म्हणत होती. तिचा उजवा पाय मला बघवला नाही. तिला अकोल्याला नेलं. पायात सळई घातली. पोरगी वाचली, आणि देवाचे उपकार मी आजही मानते.

पण त्या दुपारी मी काय केलं तेही सांगते. गर्दी पांगली, पोलीस पंचनामा करून गेले, आणि मी सोयाबीन भरायचं निमित्त करून फाट्यावर गेले. माझे लाल ठिपक्याचे दगड एकेक करून उचलले आणि नालीत टाकले. सगळे. पाण्यात पडताना होणारा त्यांचा आवाज मला नको होता, म्हणून हात खाली नेऊन सोडले. मी लेकरांना रोज 'खोटं बोलू नये' शिकवते, आणि त्या दिवशी मी न बोलता खोटं बोलले.

गावानं काय केलं? गावानं रस्त्याला शिव्या दिल्या. वळण वाईट, झुडपं वाईट, गाडीवाले मेले माजलेले, सरकारचं लक्ष नाही. सगळं खरंच होतं हो! पण दगडांचं नाव कोणी काढलं नाही. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण आमच्याच गावात जन्मली असावी.

दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या सहाही पोरी घरी बसल्या. कोणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही. प्रत्येक घरात बापानं आपापलं ठरवलं. आमच्या घरात यांनी हात धुता धुता सांगितलं, "पोट्टी जित्ती राह्यली तं सारं हाय. झाली तेवढी शाळा बस झाली." मी वाद घातला. पण माझ्या वादात जोर नव्हता, कारण रात्री डोळे मिटले की मला प्रतीक्षाच्या जागी वैष्णवी दिसायची. वैष्णवी दहावीला होती. परीक्षा मार्चमध्ये. ती रडली नाही, ओरडली नाही. सुपात सोयाबीन घेऊन खडे निवडत बसायची आणि एकदा नुसतं म्हणाली, "आई, फॉर्म भरेल हाय माहा. परीक्षेले तं जाऊ द्यान." तुळशीचं लग्न झालं आणि पंधरा दिवसांत यांच्या लांबच्या मावशी दारात हजर. "पोरगी घरीच हाय म्हनते. एक चांगलं ठिकाण हाय बापा, शेती हाय, पोरगा निर्व्यसनी हाय." पंधरा पूर्ण झालेली माझी लेक आत पोळ्या लाटत होती, आणि लाटण्याचा आवाज थांबला होता. मी मावशींना चहा दिला आणि चांगली फटकळ बोलले. त्या अजून मला नावं ठेवतात. ठेवोत.

त्या दिवशी मला कळलं की फाट्याचं काम झालं नाही तर माझ्या पोरीची शाळा संपली, आणि तिच्यासोबत पाच जणींची. मग मी अंगात आल्यासारखी निवेदनं लिहायला लागले. गावातल्या बायकांच्या सह्या घेतल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठा दिला, आणि दोघींनी हट्टानं सही शिकून सही केली. 'फाट्यावर ब्रेकर बसवून मिळणेबाबत.' आमच्या भागात सगळ्या दुःखांना 'मिळणेबाबत' असतं. आम्ही पाच-सात जणी काळी-पिवळीत कोंबून एका हापिसातून दुसऱ्या हापिसात फिरलो. एका ठिकाणी खुर्चीवरच्या माणसानं चष्मा वर करून विचारलं, "मयत किती?"

"मयत नाही. पोरीचा पाय मोडला."

"मग पहिल्या यादीत बसत नाही हो बाई तुमचा फाटा."

"म्हंजे यादीत बसाले एखादीले मरू द्या लागते काय?" मी एवढ्या जोरात म्हटलं की बाहेरचा शिपाई आत आला. तो माणूस बिचारा ओशाळला. यादी काही त्यानं केली नव्हती. त्यानं आम्हाला पाणी दिलं, अर्ज पुन्हा कसा लिहायचा ते सांगितलं, आणि 'ब्रेकर' खोडून 'सुरक्षा उपाययोजना' असं लिहायला लावलं. घरी येताना आमच्यातली एक म्हणाली, "इतका मोठा शब्द लिवला, आता तं काम होईनच."

सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण मार्च सहा महिन्यांवर नव्हता. शेवटी बायकांनीच ठरवलं, रास्ता रोको. तारीख कळवली. आणि तारखेच्या आधी दोन दिवस, थंडीत, तूर पिवळी पडत होती तेव्हा, रस्ते खात्याचे इंजिनियर साहेब स्वतः फाट्यावर आले.

अख्खं गाव जमलं. साहेब तरुण होते, आमच्या भागातले नव्हते. टेप लावून वळण मोजलं, झुडपं पाहिली, मान हलवली. आम्हाला वाटलं, झालं! मग ते रस्त्याच्या कडेला थांबले. तिथं हंगाम संपल्यावरही दगड ओळीनं पडलेले असायचे, पुढच्या वर्षीसाठी. पिवळे ठिपके, निळे ठिपके, पांढरे ठिपके. साहेबांनी विचारलं, "हे देव आहेत का?"

कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांना खरंच वाटलं होतं की शेंदूर लावतात तसे रंग लावून आम्ही देव मांडलेत. गजूभाऊनं टपरीतून सांगून टाकलं, "देव कायचे साहेब, सोयाबीनचे दगड हायेत. ज्याचा त्याचा रंग हाय."

साहेबांनी फायलीतून पंचनाम्याचा कागद काढला. वाचला. मग दगडांची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "गाडीच्या चालकानं लिहून दिलंय," ते म्हणाले, "की लाल ठिपक्याचे दगड चुकवताना गाडी या बाजूला आली. इथे सगळे रंग दिसतायत. लाल दिसत नाही. लाल कोणाचे?"

मूग गिळून गप्प बसणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. सगळ्यांना ठाऊक होतं. लाल रंग कोणाचा हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मला वाचवायला सगळे जमिनीकडे बघत होते. समोर भगवानभाऊ उभे होते. प्रतीक्षा घरी आली होती, काठी घेऊन परसदारापर्यंत चालत होती. माझ्या डोक्यात एकच आलं: आज मी गप्प राहिले तर साहेब कागद मिटून जातील, त्यांना जायला कारण मिळेल, आणि माझी पोरगी फेब्रुवारीत बोहल्यावर चढेल.

"माहे," मी म्हटलं. परत म्हटलं, "ते दगड माहे होते साहेब. मीच लावले होते. अन् त्याच दुपारी मीच उचलून नालीत टाकले, कोनाले दिसू नये म्हून."

यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही दगड नालीत टाकल्याचं माहीत नव्हतं. मी भगवानभाऊंकडे वळले. काय बोलणार होते कोण जाणे, माफी मागायला शब्द कुठला पुरणार! तोंड उघडलं आणि रडूच आलं.

भगवानभाऊ तसे अबोल माणूस. ते पुढे आले. म्हणाले, "बाई, मले मालूम होतं. पह्यल्या दिसापासून मालूम होतं. लाल ठिपका मले ओळखू येत नाही काय?" पुढचं बोलताना त्यांची मान खाली गेली. "पर त्या दिवशी तुमच्या लाल दगडाच्या बाजूले माहेच पिवळे होते. तुमचे चुकवले नसते तं गाडीनं माहे चुकवले असते. काय बोलू मंग मी?"

आणि ते वाकले, पिवळ्या ठिपक्याचा एक दगड उचलला, दोन्ही हातांत धरून उभे राहिले. कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. सरपंचांचा मुलगा ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला होता, रास्ता रोकोसाठीच खरं तर. भगवानभाऊंनी तो दगड ट्रॉलीत टाकला. धाडकन आवाज झाला. मग कोणीतरी म्हणालं, "तो निळा आमचा." कोणी म्हणालं, "पांढरा माहा." बायका पदर खोचून पुढे आल्या. जो तो आपला रंग शोधून, नाव घेऊन, दगड उचलत होता. मी नालीत उतरले, चिखलात हात घालून माझे लाल दगड चाचपडले. हे माझ्यामागे उतरले. एकेक दगड वरच्यांना देत राहिले. तासाभरात रस्त्याच्या दोन्ही बाजू साफ झाल्या. आयुष्यात मी माझ्या गावाकडे एवढ्या अभिमानानं कधी पाहिलं नव्हतं. चूक सगळेच करतात. पण चारचौघांत 'माहा' म्हणून उचलून नेणं, तेही एकामागून एक अख्ख्या गावानं, हे मी खैरझरीतच पाहिलं आहे, आणि मला जिथे संधी मिळेल तिथे मी ते सांगते.

साहेब टपरीच्या बाकावर बसून बघत होते. जाताना एवढंच म्हणाले, "हायवेवर ब्रेकर देता येत नाही, पण बाकी जे देता येतं ते मी लिहितो. आता मला लिहायला तोंड आहे." त्यांनी लिहिलं. मी खोटं सांगणार नाही, वेळ लागलाच. झुडपं मात्र आम्ही वाट न बघता त्यांच्या परवानगीनं दुसऱ्याच दिवशी तोडली, आणि वळणापलीकडचा रस्ता पहिल्यांदा डोळ्यांना दिसला. एवढा लांब दिसत होता की आम्ही बायका थोडा वेळ नुसत्या बघतच बसलो.

ते ट्रॉलीभर दगड कुठे गेले? शाळेच्या मागच्या पडीक जागेत. त्याच दगडांचा भराव करून गावानं एक सामाईक खळं केलं, पंचायतीनं वरून काँक्रीट टाकलं. आता सगळ्यांचं सोयाबीन तिथं वाळतं, पाळीपाळीनं. भांडणं? होतात की! कोणाची पाळी अर्ध्या दिवसानं लांबली की आयाबहिणींचा उद्धार होतो. पण भांडायला जागा मोकळी आहे आणि तिथून ट्रक जात नाहीत.

तर त्या थंडीत आम्ही म्हटलं, साहेबांनी लिहिलेले वेग उतरवणारे पट्टे यायचे तेव्हा येतील. पोरींना शाळेत उद्याच जायचं होतं. म्हणून पाळ्या लागल्या. दहाला दोन बायका, साडेपाचला दोन बायका, फाट्यावर उभ्या. हातात माझ्या जुन्या लाल लुगड्याचे काठीला बांधलेले झेंडे, गळ्यात अंगणवाडीची शिट्टी. पहिल्या दिवशी एक ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून ओरडला, "काय वं माय, रेल्वे येऊन राह्यली काय?" आमची एक जण तशीच ठसकेबाज. म्हणाली, "रेल्वे नाही बापा, आमच्या पोरी येऊन राह्यल्या. थांब मुकाट्यानं!" आणि तो थांबला. बाप्पा, काय थांबला! पाठीमागे सहा गाड्या थांबल्या. सहा पोरी दप्तरं घेऊन, एकमेकींचे हात धरून, मान वर करून रस्ता ओलांडून गेल्या. त्या सकाळी थंडी होती, गाड्यांच्या तोंडातून धूर निघत होता.

हे आधी दारात उभे राहून "पाहतो चार दिवस" म्हणाले. पाचव्या दिवशी आमच्यातली एक आजारी पडली. यांनी खुंटीवरची शिट्टी घेतली. आमच्या घरात न बोलणारा हा माणूस फाट्यावर अशी शिट्टी फुंकायचा की टपरीवरचे चहा पिणारे दचकायचे. वैष्णवीला लाज वाटायची. "आई, बाबाले सांग ना हळू वाजवाले." मी काही सांगितलं नाही.

मार्चमध्ये परीक्षा होत्या, आणि परीक्षेच्या आठवडाभर आधी कामगार आले. वळणाच्या दोन्ही बाजूंना जाड पांढरे पट्टे आखले, चमकणारे खिळे ठोकले, वळणाची पाटी लावली, बसचा थांबा तीस पावलं मागे सरळ रस्त्यावर नेला. पहिली गाडी पट्ट्यांवरून गेली तेव्हा घर्रर्र आवाज झाला आणि वेग उतरला. आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर घाबरून आमच्याकडे बघत गेला.

वैष्णवी दहावी झाली. आता अकोल्याला नर्सिंगला आहे. प्रतीक्षानं एक वर्ष उशिरा परीक्षा दिली, पास झाली, आता बारावीला आहे. उजवा पाय थोडा ओढते. मी तिला दिसले की 'बाई' म्हणून हाक मारते, पहिल्यासारखीच. मी एकदा तिच्यापाशी बसून सगळं बोलले होते. ती ऐकून म्हणाली, "बाबानं सांगतलं मले. बाई, माही वही सापडली होती ना पर?" मला अजून कळत नाही, ती मुद्दाम तसं म्हणाली की तिला खरंच वहीचंच पडलं होतं.

मराठीत 'फाटा देणे' म्हणजे एखादी गोष्ट टाळणे, वगळणे. भाषणाला फाटा दिला, मानपानाला फाटा दिला. आमच्या गावालाही वर्षानुवर्षं असाच फाटा दिला गेला, असं आम्ही निवेदनात लिहिलं होतं. खरं होतं ते. पण अर्धंच खरं. आम्हीही आमच्याच पोरींना फाटा दिला होता, रोज सकाळी आठला, रंगीत ठिपके लावून. हे मी अंगणवाडीच्या मासिक बैठकीत सांगते तेव्हा दुसऱ्या गावच्या सेविका जरा अवघडतात. मग एखादी हळूच विचारते, बाई, खळं करायला केवढी जागा लागते? त्यावर मी इतका वेळ बोलते की बैठक घेणाऱ्या मॅडमना घड्याळ दाखवावं लागतं.

सोयाबीनच्या आणि तुरीच्या दिवसांत आमच्या पाळ्या अजून चालू असतात. पट्टे आहेत, पाटी आहे, तरी चालू आहेत. काल फाट्यावरून परत आले तर अंगणवाडीच्या ओट्यावर कमळाबाई बसली होती. गावापलीकडच्या तांड्यातली. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा ऊसतोडीला जातात, चार-पाच महिने, दरवर्षी. मुलगीही बरोबर जायची. ती आठवीत आहे, पण आठवीची शाळा तिनं जेमतेम अर्धीच पाहिली असती. कमळाबाई पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई, यंदा पोरीले नेत नाही कारखान्यावर. तिच्या मामीपाशी ठेवून जातो. शाळेत जाईन म्हनते तुमच्या गावच्या पोरीसंगं. रस्ता तेवढा तुमी पाहाजा."

मला एकदम भीती वाटली. चार महिने दूर उसाच्या फडात राहणारी आई माझ्या भरवशावर पोरगी ठेवून जात होती. म्हटलं, हिला खरं सांगायलाच हवं. "कमळाबाई, तुले मालूम नसन. भगवानभाऊच्या पोरीचा पाय मोडला तवा रस्त्यावर जे दगड होते नं, ते..."

"तुमचे होते," ती म्हणाली. "मालूम हाय मले. म्हून तं तुमच्यापाशी आलो."

मी आत गेले, पाळ्यांची वही घेऊन आले, आणि तिच्या मुलीचं नाव विचारलं.